अपग्रेडनंतर भरलेला सी ड्राइव्ह: लातुरात बसून निलंग्याचा संगणक मोकळा कसा करावा

"सर, सी ड्राइव्ह लाल झालाय बघा. प्रिंटबी निघंना."

निलंग्याच्या कॉलेजमधून लिपिक मॅडमचा हा फोन सकाळी साडेदहाला येतो, तेव्हा त्यांच्या खिडकीसमोर प्रवेशाची रांग लागलेली असते. मी लातुरात असतो. एसटी पकडून तिकडे पोचायचं, अर्ध्या तासाचं काम करायचं आणि परत यायचं, यात अख्खा दिवस जातो. दुसरा फोन उदगीरहून आला तर त्या दिवसाचं काय करायचं?

आमच्या संस्थेच्या शाळा-कॉलेजांचे संगणक लातूर जिल्ह्यात औसा, अहमदपूर, चाकूर, देवणी असे विखुरलेले आहेत. मराठवाड्यात असं काम करणारे पुष्कळ आहेत: पतसंस्थांच्या शाखा सांभाळणारे, बाजार समितीचे संगणक बघणारे, शिक्षण संस्थांचे. त्यातले बरेच जण नुकतेच डिप्लोमा करून लागलेले, आणि शिकवायला कोणी नाही. हा लेख त्यांच्यासाठी.

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्याच्या आगेमागे आपल्याकडे ठिकठिकाणी विंडोज ११ चढवलं गेलं. मायक्रोसॉफ्टची अट किमान ६४ जीबी साठवणीची आहे, त्यामुळे १२८ जीबीच्या एसएसडीवरही ते चढतं. पण ती १२८ जीबी विंडोजमध्ये ११९ जीबीच दिसते. त्यातून विंडोज, ऑफिस, हिशेबाचं सॉफ्टवेअर आणि चार वर्षांचे स्कॅन वजा केले की अपग्रेडनंतर हातात दोन-तीन जीबी उरतात, आणि मग मॅडमची प्रिंट निघत नाही, कारण प्रिंटची रांगसुद्धा सी ड्राइव्हवरच साठते.

एक सूचना. कमांड आपण फोनवर एकमेकांना सांगतो तशाच मी इथे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजी अक्षरांत करा.

जागा गेली कुठे

अपग्रेड करताना विंडोज जुनी प्रणाली पुसून टाकत नाही, ती उचलून सी ड्राइव्हवरच "विंडोज.ओल्ड" नावाच्या फोल्डरमध्ये ठेवते. जुनं विंडोज, जुने प्रोग्रॅम, थोडंफार वापरकर्त्यांचं सामान असं सगळं त्यात असतं. आमच्याकडे हे फोल्डर बहुतेक वेळा १५ ते ३० जीबीच्या दरम्यान निघालं. सोबत डॉलरच्या चिन्हाने सुरू होणारं "विंडोज.~बीटी" हे लपलेलं फोल्डर असतं. त्यात अपग्रेडचं सामान आणि नोंदी असतात.

प्रत्येक अपग्रेडला मात्र एवढी जागा जात नाही. २३एच२, २४एच२, २५एच२ ही विंडोज ११ च्या आवृत्त्यांची नावं. २३एच२ वरून २४एच२ वर जाताना पूर्ण प्रणाली बदलते आणि विंडोज.ओल्ड तयार होतं. २४एच२ वरून २५एच२ वर जाताना एक छोटं पॅकेज आधीच असलेल्या गोष्टी फक्त चालू करतं, तिथे विंडोज.ओल्ड तयारच होत नाही. म्हणून "अपग्रेड झालं म्हणजे वीस जीबी निघणारच" असं कुणाला सांगून बसू नका.

आधी तिथवरची वाट

पॉवरशेल म्हणजे विंडोजला लिहून आज्ञा द्यायचं साधन. लांबून काम करायला त्याची रिमोटिंग, म्हणजे दुसऱ्या मशीनवर आज्ञा चालवायची सोय, लागते. तिच्यामागे विनआरएम नावाची सेवा असते आणि ती ५९८५ या पोर्टवर ऐकते, एचटीटीपीएस लावलं तर ५९८६ वर. समोरच्या मशीनवर एकदाच, प्रशासक म्हणून, "एनेबल-पीएसरिमोटिंग" चालवावं लागतं. डोमेन असेल, म्हणजे सगळी मशीन एका सर्व्हरच्या ताब्यात असतील, तर तिथून लागू होणाऱ्या ग्रुप पॉलिसीने सगळीकडे एका दमात होतं.

डोमेन नसलेल्या ठिकाणी, म्हणजे आपल्याकडच्या निम्म्याहून जास्त कार्यालयांत, मशीन वर्कग्रुपमध्ये, म्हणजे प्रत्येक आपापलं स्वतंत्र, असतात. तिथे तुमच्या संगणकावर समोरच्याचं नाव "ट्रस्टेडहोस्ट्स" यादीत घालावं लागतं. शिवाय समोरच्या मशीनवर "लोकलअकाउंटटोकनफिल्टरपॉलिसी" ही रजिस्ट्रीतली (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यातली) किंमत १ करावी लागते, नाहीतर स्थानिक प्रशासकाचं खातं असूनही "ॲक्सेस डिनाइड" येत राहतं. पहिल्या महिन्यात मी यात दोन दिवस घालवले होते.

हे पोर्ट इंटरनेटवर उघडं ठेवू नका. रिमोट डेस्कटॉपचं ३३८९ ही नाही. काही ठिकाणी राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्ड करून ठेवलेले मी स्वतः पाहिले आहेत, "सोयीचं पडतं" म्हणून. शाखा आणि मुख्य कार्यालय यांच्यात व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरूनच जाणारी पण बंदिस्त वाट, लावा आणि त्यातूनच जा. विद्यार्थ्यांचे आधार, जातीचे दाखले, बँकेचे तपशील त्या मशीनमध्ये आहेत. ते लोकांनी विश्वासाने आपल्या हवाली केलेलं आहे.

मोजल्याशिवाय हात लावू नका

२०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं. त्या उन्हाळ्यात घराघरात एक सवय लागली: बादली बुडवण्याआधी हौदात काठी टाकून बघायचं, किती पाणी आहे. डिस्कचंही तसंच करा.

पॉवरशेलमध्ये "इन्व्होक-कमांड" वापरून मशीनच्या यादीवर "गेट-सिमइन्स्टन्स विन३२_लॉजिकलडिस्क" चालवा, सी ड्राइव्हपुरतं गाळून घ्या, आणि "फ्रीस्पेस" या किमतीला १ जीबीने भागा. ती किंमत बाइटमध्ये येते, न भागता वाचली तर गोंधळ होतो. त्याच फेरीत आणखी दोन गोष्टी विचारा. पहिली, "टेस्ट-पाथ" ने सी ड्राइव्हवर विंडोज.ओल्ड आहे का. दुसरी, "विन३२_ऑपरेटिंगसिस्टम" मधली "इन्स्टॉलडेट". मोठं अपग्रेड झालं की ही तारीख बदलते, त्यामुळे अपग्रेडला किती दिवस झाले ते घरबसल्या कळतं. पुढचा सगळा निर्णय याच दिवसांवर आहे.

हे सगळं एका सीएसव्हीत (एक्सेलमध्ये उघडणाऱ्या तक्त्याच्या फाइलमध्ये) उतरवा: मशीनचं नाव, शाखा, मोकळी जागा, विंडोज.ओल्ड आहे की नाही, अपग्रेडची तारीख. मी त्यात एक रकाना हाताने भरतो, "या मशीनवर कोण बसतं". तो रकाना कुठलीही कमांड भरून देत नाही, आणि मला तोच सगळ्यात जास्त उपयोगी पडला आहे.

काठी टाकल्यावर मी तीन ढीग करतो. २५ जीबीपेक्षा जास्त मोकळी असलेल्या मशीनला आज हात लावायचा नाही. १० ते २५ जीबीवाल्यांचं काम रविवारी. १० जीबीच्या खाली असलेल्यांचं आजच, पण आधी तिथल्या माणसाला फोन करून.

विंडोज.ओल्ड म्हणजे परतीची वाट

इथे मला थांबून सविस्तर सांगायचं आहे, कारण माझी सगळ्यात मोठी चूक इथे झाली.

एका जून महिन्यात मी अठरा मशीन शनिवारी रात्री अपग्रेड केली. सगळी नीट सुरू झाली. डिस्क भरलेल्या दिसल्या, म्हणून त्याच रात्री सगळ्यांवरचं विंडोज.ओल्ड काढून टाकलं आणि समाधानाने झोपलो. सोमवारी सकाळी एका कॉलेजचं स्कॅनर चालेना. त्याचा ड्रायव्हर जुना, नवा कुठे मिळेना. दुसऱ्या ठिकाणी जुन्या मराठी फाँटमध्ये टाइप करायचं सॉफ्टवेअर उघडेना, आणि शाळेचे वीस वर्षांचे दाखले त्याच फाँटमध्ये. मुलांना शाळा सोडल्याचा दाखला हवा होता, पालक बाहेर उभे होते. मागे जायला वाट उरली नव्हती, कारण ती मीच रात्री पुसली होती. तीन दिवस लागले. एक आजोबा नातीच्या दाखल्यासाठी शिरूर अनंतपाळच्या बाजूने दोनदा हेलपाटा घालून गेले. ते मी विसरलेलो नाही.

तेव्हा नियम समजून घ्या. अपग्रेडनंतर १० दिवस विंडोज मागे जायची सोय ठेवतं. मागे जाण्यासाठी जे लागतं ते विंडोज.ओल्ड आणि त्या लपलेल्या फोल्डरमध्ये असतं. १० दिवसांनी ते आपोआप काढलं जातं. पण उन्हाळ्याच्या सुट्टीत महिनाभर बंद पडलेल्या लॅबमध्ये, किंवा काम संपताच मुख्य बटण बंद करणाऱ्या कार्यालयात ते तसंच पडून राहिलेलं मी अनेकदा पाहिलं आहे. म्हणजे पहिल्या दहा दिवसांत ती वाट राखायची, आणि त्यानंतर साफसफाई झाली की नाही ते बघायचं.

दहा दिवस पुरणार नाहीत असं वाटलं तर विंडोजच्याच डिस्म या साधनाने मुदत वाढवता येते. "डिस्म /ऑनलाइन /गेट-ओएसअनइन्स्टॉलविंडो" किती दिवस आहेत ते सांगतं. "डिस्म /ऑनलाइन /सेट-ओएसअनइन्स्टॉलविंडो /व्हॅल्यू:३०" ती तीस दिवस करतं. किंमत २ ते ६० मध्ये चालते. हे पहिल्या दहा दिवसांच्या आत करावं लागतं, मुदत उलटल्यावर उपयोग नाही. आमच्याकडे आता अपग्रेड झाल्या दिवशीच मी ती ३० करतो, कारण शाळेचं काम महिन्याच्या चक्राने चालतं: पगारपत्रक महिन्यातून एकदाच निघतं, आणि ते सॉफ्टवेअर चालतं की नाही ते त्याच दिवशी कळतं.

खरोखरच मागे जायची वेळ आली तर "डिस्म /ऑनलाइन /इनिशिएट-ओएसअनइन्स्टॉल" हे लांबूनही सुरू करता येतं. मशीन रीस्टार्ट होतं आणि तासभर कुणाच्या उपयोगाचं राहत नाही, म्हणून आधी कळवा. अपग्रेडनंतर बसवलेले प्रोग्रॅम त्यात जातात, हेही सांगा.

विंडोज.ओल्ड काढण्याआधी मी त्या माणसाला फोन करून चार गोष्टी विचारतो. प्रिंटर आणि स्कॅनर दोन्ही चालले का? अंगठ्याचं यंत्र चाललं का? मराठी टायपिंग जुन्या फाइलमध्ये उघडून पाहिलं का? महिन्यातून एकदाच लागणारं एखादं सॉफ्टवेअर आहे का, आणि ते उघडलं का? "हो हो, सगळं चालतंय" एवढ्यावर थांबू नका. "मॅडम, मी लाइनवर आहे, एक जुना दाखला उघडा बरं" असं म्हणा. शाळेत सगळ्यांत जास्त माहिती बऱ्याचदा शिपाई मामांना असते, कोणतं मशीन कोण कधी वापरतं ते त्यांना तोंडपाठ असतं. त्यांनाही विचारा.

विंडोज.ओल्ड काढायचं कसं

नवीन माणूस पहिल्यांदा काय करतो? "रिमूव्ह-आयटम, रिकर्स, फोर्स" लावून फोल्डर उडवायला जातो. करू नका. एक तर मालकी विंडोजच्या स्वतःच्या खात्याकडे असल्यामुळे अर्धं काम परवानगीवर अडतं. दुसरं कारण जास्त गंभीर आहे. आतमध्ये काही दुवे असतात जे चालू विंडोजच्या फोल्डरकडे बोट दाखवतात. उदाहरणार्थ "यूझर्स" मधला "ऑल यूझर्स" हा "प्रोग्रॅमडेटा" कडे जातो. पुसणारी आज्ञा त्या दुव्यातून पलीकडे गेली तर जिवंत प्रणालीचा डेटा जातो.

त्यापेक्षा विंडोजचंच हत्यार वापरा: डिस्क क्लीनअप, म्हणजे "क्लीनएमजीआर". जुनं आहे, पण विंडोज ११ मध्ये अजून आहे. समोर बसून चालवताना आपण खुणा करतो, लांबून त्या खुणा रजिस्ट्रीत आधीच लिहून ठेवायच्या. जागा अशी: एचकेएलएम, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंटव्हर्जन, एक्सप्लोरर, व्हॉल्यूमकॅशेस. त्याखाली "प्रीव्हियस इन्स्टॉलेशन्स" नावाची की असते. तीच विंडोज.ओल्डची. तिच्यात "स्टेटफ्लॅग्ज००११" नावाची डीवर्ड किंमत तयार करून २ ठेवा. तसंच "टेम्पररी सेटअप फाइल्स" आणि "अपडेट क्लीनअप" या कीमध्ये करा. मग "क्लीनएमजीआर /सेजरन:११" चालवलं की फक्त तुम्ही खूण केलेल्या गोष्टी साफ होतात. अकरा हा आकडा माझा, तुम्ही दुसरा घ्या, पण रजिस्ट्रीत तो चार अंकी लिहायला विसरू नका.

दोन गोष्टींना मी खूण करत नाही. "विंडोज ईएसडी इन्स्टॉलेशन फाइल्स", कारण मशीन रीसेट करायची वेळ आली तर त्या लागतात. आणि अपग्रेड फसलेल्या मशीनवर "विंडोज अपग्रेड लॉग फाइल्स", कारण ते का फसलं हे त्यातच लिहिलेलं असतं. कारण न वाचता पुरावा पुसला तर तेच अपग्रेड दुसऱ्यांदा फसतं.

चालवायचं कसं, यातही एक खोच आहे. क्लीनएमजीआर ही खिडकी उघडणारी वस्तू आहे. रिमोट सत्रातून थेट चालवली तर ती कधी नुसतीच अडकून बसते, आणि सत्र बंद झालं की त्या सत्रातून सुरू केलेली कामंही मरतात. लातूरकडची वीज गेली, तुमचं सत्र तुटलं, काम अर्धवट. म्हणून समोरच्या मशीनवर शेड्यूल्ड टास्क तयार करा, "सिस्टिम" खात्याखाली, आणि तो सुरू करून तुम्ही बाहेर पडा. नंतर पुन्हा जाऊन "टेस्ट-पाथ" आणि मोकळी जागा बघा. एसएसडीवर दहा मिनिटांत होतं, जुन्या फिरत्या डिस्कवर अर्धा-पाऊण तास जातो. घाई करून दुसऱ्यांदा टास्क सुरू करू नका.

२४एच२ वर सुरुवातीला आणखी एक अनुभव आला. साफ करूनही डिस्क क्लीनअपमध्ये अपडेटचे ८.६३ जीबी दिसत राहायचे, अशी तक्रार ते आलं तेव्हा सर्वत्र होती. तो आकडा दाखवण्यातला दोष होता, जागा खरोखर अडलेली नव्हती. यासाठीच मी क्लीनअपच्या आकड्यावर न जाता आधीची आणि नंतरची मोकळी जागा यांची वजाबाकी करतो.

अपडेटचा साचलेला गाळ

विंडोज फोल्डरमधलं "विनएसएक्सएस", म्हणजे विंडोजचे आणि अपडेटचे भाग साठवणारं फोल्डर, बघून नवीन मुलं घाबरतात. एक्सप्लोरर त्याचा आकार भला मोठा दाखवतो. त्यातल्या बऱ्याच फाइल म्हणजे एकाच फाइलची दोन ठिकाणची नावं असतात, आणि एक्सप्लोरर त्या दोनदा मोजतो. खरा आकार "डिस्म /ऑनलाइन /क्लीनअप-इमेज /ॲनालाइझकॉम्पोनंटस्टोअर" सांगतं, आणि शेवटी सफाईची शिफारस आहे की नाही तेही. शिफारस "नो" असेल तर तिथे वेळ घालवू नका.

"येस" असेल तर शेवटचा शब्द बदलून "/स्टार्टकॉम्पोनंटक्लीनअप" चालवा. विंडोज स्वतःही हे काम ठरावीक वेळी करतं, पण नव्या अपडेटनंतर जुने भाग काढायला ३० दिवस थांबतं. तुम्ही हाताने चालवलं तर थांबत नाही. त्यापुढे "/रीसेटबेस" जोडलं तर अजून थोडी जागा सुटते. पण मग आधी बसवलेली अपडेट काढता येत नाहीत. परीक्षेच्या आठवड्यात एखाद्या अपडेटने प्रिंटर बंद पाडला तर ते काढता आलं पाहिजे. दोन-तीन जीबीसाठी मी ती सोय सोडत नाही.

विनएसएक्सएस मधून आणि "विंडोज" खालच्या "इन्स्टॉलर" फोल्डरमधून हाताने काहीही पुसू नका. पहिल्याने विंडोज मोडतं, दुसऱ्याने प्रोग्रॅम दुरुस्त करता किंवा काढता येत नाहीत. त्या दिवशी काही जाणवत नाही, सहा महिन्यांनी जाणवतं.

अपडेटच्या उतरवलेल्या फाइल "सॉफ्टवेअरडिस्ट्रिब्यूशन" खाली "डाउनलोड" मध्ये असतात. "वूएयूसर्व्ह" आणि "बिट्स" या दोन सेवा थांबवा, त्या फोल्डरमधलं रिकामं करा, सेवा पुन्हा सुरू करा. आणि डिलिव्हरी ऑप्टिमायझेशनचा साठा "डिलीट-डिलिव्हरीऑप्टिमायझेशनकॅशे" ने जातो. लॅबमध्ये मात्र हा साठा अपडेटच्या आठवड्यात पुसू नका. तीस मशीनपैकी एकाने उतरवलेलं बाकीच्यांना त्यातूनच मिळतं, आणि तालुक्याच्या ठिकाणचं इंटरनेट तेवढं वाचतं.

बाकीची जागा

हायबरनेशनची, म्हणजे उघडं काम डिस्कवर ठेवून मशीन बंद करायच्या सोयीची, फाइल साधारणपणे रॅमच्या ४० टक्के असते, ८ जीबी रॅम असेल तर तीनेक जीबी. टेबलावरच्या संगणकाला ती लागत नाही. "पॉवरसीएफजी /एच ऑफ" म्हटलं की जाते. त्याबरोबर फास्ट स्टार्टअपही बंद होतं, म्हणजे सकाळी सुरू व्हायला थोडा वेळ जास्त लागेल. लॅपटॉपवर हे करू नका, मुख्याध्यापकांचा लॅपटॉप बॅटरी संपताना उघडं काम वाचवायला त्याच फाइलवर अवलंबून असतो.

लॅबमध्ये खरी जागा प्रोफाइल खातात. दरवर्षी नवी मुलं लॉगिन करतात, जुन्यांचे फोल्डर तसेच. "यूझर्स" मधून फोल्डर हाताने उडवलं तर रजिस्ट्रीत नोंद उरते आणि तो मुलगा पुन्हा आला की त्याला तात्पुरतं प्रोफाइल मिळतं, काम सेव्ह होत नाही. "विन३२_यूझरप्रोफाइल" या सिम वर्गातून प्रोफाइल काढा, म्हणजे फोल्डर आणि नोंद दोन्ही जातात. "लास्टयूजटाइम" बघून ठरवा, पण अपग्रेडनंतर त्या तारखा विश्वासार्ह राहतीलच असं नाही, म्हणून वर्गशिक्षकांची यादी सोबत ठेवा. बारावीच्या आयटी विषयाची परीक्षा झाल्याशिवाय त्या मुलांच्या प्रोफाइलला हात लावू नका.

आणि डाउनलोड्स. इथे मी कडक आहे. स्टोरेज सेन्सला, म्हणजे विंडोजच्या आपोआप सफाईच्या सोयीला, ठरावीक दिवसांनी डाउनलोड्स रिकामं करायला सांगता येतं. तो पर्याय मुळात बंद असतो, तो बंदच ठेवा. आपल्या कार्यालयांत डाउनलोड्स म्हणजेच कपाट. शिष्यवृत्तीच्या अर्जांच्या पावत्या, सातबारा, उत्पन्नाचे दाखले, बोर्डाची पत्रं, सगळं तिथेच पडलेलं असतं. ही सवय चांगली नाही हे मान्य. पण ती त्यांच्याशी बोलून, डी ड्राइव्हवर किंवा सर्व्हरवर जागा देऊन बदलायची. तिथल्या फाइल मोजा, मोठ्या दहा फाइलची यादी काढून त्या माणसाला व्हॉट्सॲपवर पाठवा, आणि तो म्हणेल त्याच हलवा. बऱ्याच वेळा त्या यादीत गॅदरिंगचे व्हिडिओच निघतात.

विंडोज स्वतःसाठी साधारण ७ जीबी राखीव ठेवतं, पुढच्या अपडेटसाठी. ती जागा आपली नाही असं समजा.

इंट्यून असेल तर

काही संस्थांकडे मायक्रोसॉफ्टचं इंट्यून असतं, म्हणजे सगळी मशीन इंटरनेटवरून एका जागी बसून सांभाळायची सेवा. तिथे रेमेडिएशन्स नावाची सोय आहे, तिला एंटरप्राइझचा ई३, ई५ किंवा शिक्षणाचा ए३, ए५ परवाना लागतो. दोन स्क्रिप्ट द्यायच्या: एक तपासणारी, एक दुरुस्त करणारी. तपासणारीने १ परत दिला तर दुसरी चालते, ० दिला तर नाही. माझी तपासणी तीन अटी बघते: मोकळी जागा १५ जीबीच्या खाली, विंडोज.ओल्ड आहे, आणि इन्स्टॉलडेटला ३० पेक्षा जास्त दिवस झाले. तिन्ही खऱ्या असतील तरच १.

तिथे "६४-बिट पॉवरशेलमध्ये चालवा" हा पर्याय हो करा. न केल्यास स्क्रिप्ट ३२-बिटमध्ये चालते, सिस्टिम३२ कडे जाताना दुसऱ्याच फोल्डरमध्ये पोचते, आणि डिस्म अडखळतो. पोर्टलवर लाल खूण दिसते, कारण काही कळत नाही.

आधी पाच मशीनवर लावा. वेगवेगळ्या शाखांतली, वेगवेगळ्या बनावटीची पाच. एक आठवडा थांबा. मगच बाकीच्यांवर.

वेळ आणि वीज

रविवारी सकाळी करा. आमच्याकडे शाखेतले मामा शनिवारी जाताना संगणक बंद न करता फक्त मॉनिटर बंद करतात, तसं आधी सांगून ठेवावं लागतं. यूपीएस नसलेल्या मशीनवर उन्हाळ्याच्या दुपारी डिस्म सुरू करू नका, एप्रिल-मे मध्ये दुपारची वीज कधी जाईल सांगता येत नाही. आणि तशा मशीनच्या नावापुढे वहीत "यूपीएस नाही" असं लिहून ठेवा, पुढच्या वर्षीच्या मागणीपत्रात ते कामाला येतं.

सफाई झाल्यावर मशीन एकदा रीस्टार्ट करा, मग पुन्हा मोजा, आणि त्याच सीएसव्हीत नवा आकडा जुन्याच्या शेजारी लिहा. सोमवारी साडेदहाच्या आधी तिथे फोन करा. निलंग्याच्या त्या मशीनवर ३ जीबीच्या जागी २७ जीबी झाली होती. मॅडमना मी विचारलं, प्रिंट निघाली का. "निघाली की," त्या म्हणाल्या, "पण सर, आता त्या शेजारच्या मशीनचं बघा, तेबी लाल व्हायलंय."